दाब उतरविण्याचे टप्पे व खवळलेला समुद्र

खोल पाण्यातून पाणबुड्या वेगाने वर आला, तर त्याच्या शरीरात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात. त्यातून अपंगत्व वा मृत्यू ओढवतो. हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये यावर उपाय प्रसिद्ध केला : ठराविक खोलीवर ठराविक मिनिटे थांबत वर येणे. या कोष्टकांत खोली स्थिर मानलेली होती. उधाणात मात्र दहा फुटांच्या अखेरच्या टप्प्यावर लाट माणसास वरखाली फेकते आणि दाबही स्थिर राहत नाही.

अमेरिकी नौदलातील जॉर्ज बाँड यांच्या १९५७ पासूनच्या प्रयोगांतून निराळा मार्ग निघाला. पाणबुड्यांनी जहाजावरील दाबकक्षातच राहावे, बंद घंटेतून तळाशी जावे आणि काम संपल्यावर कक्षातच सावकाश, एकदाच दाब उतरवावा. १९७४ मध्ये तेल सापडलेल्या मुंबई हायवर पुढे ही पद्धत वापरात आली. टप्पा लाटेतून सुटला. पण जहाजाच्या सुरक्षिततेशी बांधला गेला.

हे बंधन २७ जुलै २००५ रोजी उघड झाले. आदल्या दिवशी जोगेश्वरीच्या दक्षिणेस सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. हवामानामुळे हेलिकॉप्टरे उडू शकत नव्हती. म्हणून जखमी स्वयंपाक्यास घेऊन ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज तेथील प्लॅटफॉर्मजवळ गेले व त्याच्या वायुवाहिनीवर आदळले. आगीत २२ जणांचा बळी गेला. खलाशांनी जहाज सोडले. दाबकक्षातील सहा पाणबुड्यांना मात्र ते शक्य नव्हते, कारण एकाएकी दार उघडणे म्हणजेच मृत्यू. त्यांची सुटका ३६ तासांनी झाली.

हॉल्डेन यांच्या कोष्टकात शरीराचा हिशेब होता. समुद्राचा आणि जहाजाचा हिशेब त्यास जोडल्यावाचून टप्प्यांचे नियोजन पुरे होत नाही.