प्रश्नाची भाषा

साहित्याच्या अभ्यासकांनी प्रश्नावल्या वाचायला हव्यात, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे. कादंबरीतील निवेदक, नाटकातील विराम यांवर आपण पानेच्या पाने लिहितो. मात्र एक बाई दुसऱ्या बाईसमोर बसून तिला काही विचारते आणि दुसरी सांगते, अथवा सांगत नाही, या संवादाला 'आकडेवारी' म्हणून आपण समाजशास्त्राच्या स्वाधीन करून मोकळे होतो. स्त्रियांवरील हिंसेच्या संशोधनाचा गेल्या पन्नासेक वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो बऱ्याच अंशी प्रश्न कसा विचारावा याचाच इतिहास आहे.

कोणी विचारण्यापूर्वी बायका सांगत नव्हत्या असे अर्थातच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जमवलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत सासुरवास जागोजागी आहे. पण ओवीचा श्रोता ठरलेला असतो : समोर बसून दळणारी दुसरी बाई, आणि फार तर माहेरचा अनुपस्थित भाऊ. ते सांगणे चावडीपर्यंत जावे, अशी ओवीची अपेक्षाच नसते. संशोधक आला म्हणजे श्रोता बदलतो, आणि सांगण्याची जोखीमही बदलते.

पाश्चात्त्य अभ्यासात १९७९ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे. त्या वर्षी रिबेका आणि रसेल डोबॅश यांचा पत्नींवरील हिंसेवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या मुळाशी स्कॉटलंडमधील आश्रयगृहांत आलेल्या १०९ स्त्रियांच्या दीर्घ मुलाखती होत्या. त्याच वर्षी अमेरिकेत मरे स्ट्राउस यांनी आपली मोजपट्टी मांडली : ढकलले का, थोबाडीत मारली का, लाथ मारली का, सुरी दाखवली का, अशी कृतींची उतरंड. डोबॅश दांपत्याचा आक्षेप असा, की या यादीत संदर्भ हरवतो. स्वतःला वाचवताना नवऱ्याला ढकलणारी बाई आणि तिचे डोके भिंतीवर आपटणारा नवरा एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसतात. आक्षेप खरा आहे, आणि हा वाद आजही मिटलेला नाही. तरीही पुढे जगभर पसरली ती यादीच. याचे कारण केवळ सोय होते असे आम्हांला वाटत नाही. ते कारण भाषेतही आहे.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा समन्वय मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असतो. १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत मारहाण वा वाईट वागणूक झाली का, अशा स्वरूपाचा सर्वसाधारण प्रश्न होता. नवऱ्याने मारल्याचे सुमारे १९ टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितले. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत स्ट्राउस यांच्या यादीचे सुधारित रूप आले, आणि हाच आकडा ३५ टक्क्यांवर गेला. सात वर्षांत भारतीय नवरे दुपटीने क्रूर झाले, असे कोणीच म्हणणार नाही. बदलले ते व्याकरण. 'मारहाण' हे नाम आहे, आणि नामाबरोबर निवाडा येतो : एक थोबाडीत म्हणजे काय मारहाण? तेवढे तर चालायचेच. 'हात पिरगाळला का', 'केस ओढले का' या क्रियापदांना मात्र निवाडा लागत नाही, फक्त आठवण लागते. ज्या गोष्टीला बाईने स्वतःशीही कधी हिंसा म्हटले नाही, ती सांगण्यास क्रियापद तिला वाट करून देते.

पण शब्द बदलले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. निकाराग्वात १९९० च्या दशकात तीन सर्वेक्षणे झाली. लेऑन शहरातील अभ्यासात, जो मेरी एल्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, ५२ टक्के विवाहित स्त्रियांनी जोडीदाराकडून शारीरिक हिंसा झाल्याचे सांगितले. मानाग्वात ६९ टक्क्यांनी. राष्ट्रीय लोकसंख्या-आरोग्य सर्वेक्षणात अवघ्या २८ टक्क्यांनी. देश एक, दशक एक. एल्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही तिन्ही सर्वेक्षणे शेजारी ठेवून तपासली, तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांचे प्रशिक्षण, एकांत, आणि सांगणारीच्या सुरक्षिततेची घेतलेली काळजी यांकडे बोट दाखवावे लागले. लेऑनच्या अहवालाचे नाव 'नरकातल्या मिठाया' अशा अर्थाचे आहे, आणि ते एका बाईच्या कथनातून आले आहे. शीर्षकासाठी संशोधकांनी परिभाषेकडे न जाता बाईच्या बोलण्याकडे जावे, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. १९९६ मध्ये त्या देशात कौटुंबिक हिंसेविरुद्ध कायदा झाला. त्यासाठी झगडणाऱ्या स्त्री-संघटनांच्या हाती हा अहवाल होता.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांतील २४ हजारांहून अधिक स्त्रियांशी बोलून २००५ मध्ये अहवाल काढला. एका घरातून एकच बाई निवडायची, अभ्यासाचे खरे नाव वस्तीत उघड करायचे नाही, कोणी आत आले तर विषय बदलायचा, असे त्याचे दंडक होते. आपल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही एकांत मिळाला नाही तर हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. बांगलादेशात मार खाल्लेल्या स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींनी ही गोष्ट आजवर कोणालाच सांगितलेली नव्हती. म्हणजे सर्वेक्षक ही त्यांची पहिली श्रोती. असे ऐकून वही मिटून निघून जाणे कितपत नैतिक, हा प्रश्न मग टळत नाही. मुंबईत 'सेहत' या संस्थेने महापालिकेच्या सहकार्याने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले, ते याच प्रश्नाला एक उत्तर म्हणून वाचता येते : येथे 'हे कसे लागले?' असे विचारणारी व्यक्ती त्याच इमारतीत समुपदेशकाकडे नेऊ शकते.

प्रतिबंधाचे संशोधन हे याहून अवघड काम, कारण तिथे यशाचे पहिले चिन्ह अपयशासारखे दिसू शकते. बायका बोलू लागल्या की आकडा चढतो. युगांडातील कंपाला येथे 'सासा!' हा कार्यक्रम (स्वाहिलीत 'आत्ता') वस्त्यांमधून राबवला गेला. त्याचे वैशिष्ट्य असे, की चर्चा हिंसेपासून सुरू होत नाही, 'सत्ता' या शब्दापासून होते. तुमच्यावर कोणी सत्ता गाजवली आहे का, हे पुरुषही सांगू शकतात. २०१२ पर्यंत चाललेल्या चाचणीत कार्यक्रम झालेल्या वस्त्यांत गेल्या वर्षभरातील शारीरिक हिंसा तुलनेने निम्म्याच्या आसपास आढळली. वस्त्या मात्र एकूण आठच होत्या, त्यामुळे सांख्यिकी निश्चिती या आकड्याला लाभली नाही, हे उत्साहाच्या भरात अनेकदा सांगायचे राहते.

लेऑनला संशोधक २०१६ मध्ये पुन्हा गेले. आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून मार खाल्ल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पहिल्या वेळेपेक्षा सुमारे निम्म्यावर आले होते. दोन दशकांचा कायदा आणि दारोदारचे काम यांचा हा परिणाम असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यानंतरच्या वर्षांत तेथील सरकारने अनेक स्त्री-संघटनांची नोंदणी रद्द केली. तिसऱ्यांदा दार ठोठावायची वेळ आली, तर ते ठोठावणारी बाई कोणत्या संस्थेच्या नावाने येणार, हे आता सांगता येत नाही.