महामारी आणि दोन घरांचा संसार : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात

महामारीचा इतिहास बहुधा मृत्यूंच्या आकड्यांनी लिहिला जातो. परंतु साथ ओसरल्यावर समाजाची घडी कशी बदलली, हा प्रश्न अभ्यासकास अधिक महत्त्वाचा होय. चौदाव्या शतकातील प्लेगने युरोपात मजुरांची टंचाई निर्माण केली. इंग्लंडमध्ये मजुरी वाढू लागताच ती रोखण्यासाठी १३५१ मध्ये कायदा करण्यात आला. याच तऱ्हेचा प्रसंग सुमारे साडेपाचशे वर्षांनी मुंबईत उद्भवला. त्याची परिणती मात्र निराळी झाली, आणि या निराळेपणाचे एक कारण कोकणच्या खेड्यांत सापडते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९१ च्या शिरगणतीनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती. १८९७ च्या आरंभी जवळजवळ निम्मे शहर ओस पडले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि प्रवाशांची तपासणी यांची धास्ती रोगाहून कमी नव्हती.

सावित्रीकाठचे महाड हे बाणकोटच्या खाडीने समुद्राशी आणि पोलादपूरवरून घाटवाटेने देशाशी जोडलेले जुने व्यापारी ठाणे. भोवतालच्या डोंगराळ मुलखातील भातशेती तुटपुंजी. अशा मुलखांतून पुरुष मुंबईच्या गिरण्या-गोद्यांत जात. बायकामुले व जमिनीचा तुकडा गावी राहत असे. साथीच्या काळात हा तुकडाच आसरा ठरला. गिरण्यांत माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा रोजची मजुरी रोज मागण्याचे बळ कामगारांस आले आणि नाक्यानाक्यांवर मजुरांसाठी चढाओढ लागली. तथापि हे बळ टिकले नाही. गावची शेती जीव वाचवू शके; वर्षभर पोट भरू शकत नसे. माणसे परतली. १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर उतरलेली मुंबईची लोकसंख्या १९११ मध्ये ९ लाख ७९ हजारांवर गेली.

यावरून असे दिसते की, प्लेगने शहर व खेडे यांचे नाते तोडले नाही. ते अधिक घट्ट केले. आजारपण व वार्धक्य यांचा भार गावच्या घराने, विशेषतः तेथील स्त्रियांनी, वाहिला. त्यामुळेच कारखानदारास अपुऱ्या मजुरीवर भागविता आले. ज्या घरामुळे कामगार काही काळ निर्भय झाला, त्याच घराने त्याचे श्रम स्वस्त ठेवले.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात १८९७ चाच कायदा पुन्हा लागू झाला आणि मुंबई-गोवा महामार्गाने चाकरमानी पायी गावाकडे निघाले. तोवर महाडच औद्योगिक वसाहतीचे ठिकाण झाले होते. तेथील परप्रांतीय कामगारांचे दुसरे घर शेकडो कोस दूर होते. पूर्वी आसरा देणारा मुलूख स्वतःच परक्यांच्या श्रमावर विसंबू लागला, तेव्हा त्या श्रमिकांच्या आजारपणाचा भार कोणी वाहावयाचा, हा १८९७ चा प्रश्न जागा बदलून महाडपाशी येऊन ठाकला आहे.