एक मोटार, अनेक रंग : शेल्बी कोब्राच्या इंजिनाची कसोटी

१/ १९६२ साली अमेरिकेतील मोटारविषयक नियतकालिकांत एका नव्या स्पोर्ट्स कारची वर्णने झळकू लागली. एका अंकात ती एका रंगाची, तर दुसऱ्यात निराळ्याच. कारखान्यातून गाड्या भराभर बाहेर पडत असाव्यात, असा वाचकांचा समज झाला. प्रत्यक्षात गाडी एकच होती. चाचणीसाठी नव्या हाती देण्यापूर्वी तिला नवा रंग फासला जाई.

२/ या गाडीचा क्रमांक सीएसएक्स २०००. बांधा इंग्रजी, इंजिन अमेरिकी. जुन्या गाडीत नवे इंजिन बसवले की तिची शक्ती किती वाढली, हा प्रश्न आजही प्रत्येक गॅरेजात विचारला जातो. त्याचे उत्तर किती प्रकारे देता येते आणि त्यातले किती खरे मानावे, हे या एका गाडीच्या इतिहासातून दिसते.

३/ आरंभ इंग्लंडमधील थेम्स डिटन येथे. तेथील एसी कार्स ही छोटी कंपनी १९५३ पासून ‘एस’ नावाची हलकी, दोन आसनी स्पोर्ट्स कार बनवत होती. पोलादी नळ्यांचा सांगाडा, ॲल्युमिनियमचा पत्रा, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. बांधणी उत्तम होती. इंजिन मात्र दोन लिटरचे, आणि त्याचा मूळ आराखडा थेट १९१९ चा!

४/ १९५६ पासून ‘एस’मध्ये ब्रिस्टल कंपनीचे इंजिनही मिळू लागले. क्षमता तीच दोन लिटर, पण शक्ती सुमारे १२० अश्वशक्तीच्या पुढे. त्याचे मूळ युद्धपूर्व जर्मनीतील बीएमडब्ल्यू ३२८ मध्ये होते. १९६१ मध्ये ब्रिस्टलने या इंजिनाचे उत्पादन थांबवले आणि एसीपुढे पेच उभा राहिला : चांगला सांगाडा आहे, पण त्यात बसवायचे काय?

५/ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एसीला अमेरिकेहून एक पत्र आले. लिहिणारा होता टेक्सासचा कॅरल शेल्बी. १९५९ ची ‘ल मान्स’ची २४ तासांची शर्यत त्याने रॉय साल्वादोरीच्या साथीने जिंकली होती, पुढे हृदयविकारामुळे शर्यती सोडाव्या लागल्या. ‘एस’च्या बांध्यात अमेरिकी व्ही-८ इंजिन बसवण्याचा त्याचा प्रस्ताव एसीने स्वीकारला.

६/ शेल्बीने आधी शेव्हरोलेकडे इंजिन मागितले होते. परंतु स्वतःच्याच कॉर्व्हेटला प्रतिस्पर्धी निर्माण करण्यात त्या कंपनीला स्वारस्य नव्हते. फोर्डला मात्र असा प्रतिस्पर्धी हवाच होता. शिवाय पातळ भिंतींच्या ओतकामामुळे फोर्डचे नवे व्ही-८ आकाराच्या मानाने हलके होते. हलक्या गाडीच्या पुढच्या भागात अवजड इंजिन बसवले तर तिचा तोल बिघडतो. म्हणून ही बाब निर्णायक ठरली.

७/ जानेवारी १९६२ मध्ये थेम्स डिटनला इंजिन बसवून पाहिले, मग ते काढून फेब्रुवारीत रिकामी गाडी विमानाने लॉस एंजेलिसला पाठवली. तेथे डीन मून यांच्या गॅरेजात २६० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ४.२ लिटरचे इंजिन काही तासांतच तिच्यात बसले. जाहीर शक्ती : २६० अश्वशक्ती. ब्रिस्टलच्या दुप्पट!

८/ हा आकडा कसा निघतो? इंजिन डायनॅमोमीटरला जोडून त्यावर भार टाकतात आणि टॉर्क, म्हणजे आसाला पीळ देणारा जोर, मोजतात. पौंड-फुटांतील टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ५२५२ ने भागले की अश्वशक्ती मिळते. म्हणजे शक्ती थेट मोजली जात नाही. ती गणिताने काढली जाते.

९/ त्यातही एक मेख आहे. त्या काळी अमेरिकेत ‘ग्रॉस’ पद्धत रूढ होती. तीत इंजिनाची चाचणी गाडीबाहेर होई. पंखा, सायलेन्सर अशी शक्ती खाणारी उपांगे जोडलेली नसत. गाडीत बसल्यावर आकडा घटे आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल ओलांडून चाकांपर्यंत आणखी घटे. उपांगांसह मोजण्याची ‘नेट’ पद्धत अमेरिकेत सर्रास झाली ती १९७२ च्या सुमारास.

१०/ दुसरी कसोटी रस्त्यावरची. ‘रोड अँड ट्रॅक’च्या चाचणीत ताशी ६० मैलांचा वेग गाठण्यास ४.२ सेकंद, पाव मैलास १३.८ सेकंद आणि कमाल वेग ताशी १५३ मैल, अशी नोंद झाली. ब्रिस्टल इंजिनाच्या ‘एस’ला ६० मैलांचा वेग गाठण्यास सुमारे दुप्पट वेळ लागे. अर्थात या आकड्यांत इंजिनाइतकाच टनाहून कमी वजनाचा, गिअरांच्या प्रमाणाचा, टायरचा आणि चालकाच्या हाताचाही वाटा होता.

११/ तिसरी कसोटी ऑक्टोबर १९६२ मध्ये, कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडच्या शर्यतीत. समोर नव्या कोऱ्या कॉर्व्हेट स्टिंग रे. बिली क्राउझच्या हाती असलेली कोब्रा त्यांना मागे टाकून आघाडीवर गेली आणि मागच्या चाकाला आधार देणारा भाग मोडल्याने बाद झाली. इंजिन शाबूत होते. हार पत्करली ती त्याची शक्ती पेलणाऱ्या धातूने.

१२/ पुढची कोब्रा या अनुभवातून घडली. कमकुवत भाग भक्कम केले गेले आणि १९६३ च्या आरंभी त्याच रिव्हरसाइडला डेव्ह मॅकडॉनल्ड व केन माइल्स यांनी पहिले दोन क्रमांक पटकावले. इंजिन आधी ४.७ लिटरचे झाले. १९६५ मध्ये ७ लिटरचे इंजिन आले, तेव्हा आडव्या कमानपाट्यांचा जुना सांगाडा पुरेना. जाड नळ्यांचा, कॉइल स्प्रिंगांचा नवा सांगाडा घडवावा लागला. इंजिन बदलायला निघालेल्यांना अखेर गाडीच बदलावी लागली!

१३/ इतिहासाच्या अभ्यासकाला यात साधनचिकित्सेचा धडा सापडतो. निरनिराळ्या रंगांच्या गाड्यांची वर्णने हे अनेक स्वतंत्र पुरावे भासतात. उगम मात्र एकच, आणि तोही गाडी विकू पाहणाऱ्याच्या हातातला. २६० हा आकडाही खोटा नव्हता. तो कोठे व कसा मोजला, हे सोबत वाचले तरच त्याला अर्थ येतो.

१४/ सीएसएक्स २००० शेल्बीने अखेरपर्यंत विकली नाही. त्याच्या निधनानंतर, २०१६ मध्ये, लिलावात तिला १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर मिळाले. एकेकाळी अनेक गाड्यांचे सोंग घेणाऱ्या या गाडीला ही किंमत आली, ती ती एकमेव आहे म्हणून.