टिबेलस ऑब्लाँगस

टिबेलस ऑब्लाँगस : गवतात राहणारा, सडपातळ अंगाचा खेकडा-कोळी. यूरोप, उत्तर आफ्रिका, आशियाचा मोठा भाग आणि उत्तर अमेरिका इतका त्याचा पसारा आहे. फ्रेंच अभ्यासक वाल्कनेर यांनी १८०२ मध्ये ‘अरेनिआ ऑब्लाँगा’ या नावाने त्याचे प्रथम वर्णन केले. ‘ऑब्लाँगस’ म्हणजे लांबट. टिबेलस ही प्रजाती कोळ्यांचे अभ्यासक सिमों यांनी १८७५ मध्ये स्थापन केली.

मादी साधारण ८ ते १० मिमी. लांब असते, नर किंचित लहान. रंग वाळल्या गवताचा. डोक्याकडून उदराच्या टोकापर्यंत मधोमध एक गडद पट्टी आणि उदराच्या मागच्या भागावर बहुधा दोन काळे ठिपके. या पट्टीमुळे कोळ्याचे अंग गवताच्या पात्याच्या शिरेसारखे भासते. त्यात बसण्याची रीतही तशीच : अंग काडीला चिकटवायचे, पुढच्या पायांच्या दोन जोड्या पुढे आणि शेवटची मागे सरळ ताणायची. हाताच्या अंतरावर असला तरी नजर त्याच्यावरून घसरते. काडीला धक्का लागला की तो चटकन पलीकडच्या बाजूला सरकतो किंवा खाली पळतो.

भक्ष्यासाठी तो जाळे विणत नाही. माश्या, तुडतुडे असे छोटे कीटक टप्प्यात आले की झडप घालून पकडतो. रेशीम मात्र त्याला लागतेच. मादी गवतावर रेशमी कोषात अंडी घालते आणि तिथेच राहून त्यांची राखण करते.

खेकडा-कोळी हे नाव त्याला फारसे शोभत नाही. आडवे सरकणारे, पुढचे पाय लांब व दणकट असलेले खरे खेकडा-कोळी थोमिसिडी कुलातले. याचे कुल फिलोड्रोमिडी, म्हणजे धावण्याची आवड असलेल्यांचे. पूर्वी ते थोमिसिडीचेच उपकुल मानत. या कुलात पाय बरेचसे सारख्या लांबीचे असतात, दुसरी जोडी सहसा सर्वांत लांब. त्याचा जवळचा नातलग टिबेलस मॅरिटिमस याच्या अंगावर ठिपके अधिक असतात; पण ठिपक्यांवर विसंबू नये, खात्री सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रिये पाहूनच होते.

टिबेलस प्रजातीचे पुण्याशीही नाते आहे. कोळ्यांचे अभ्यासक बी. के. टिकादर यांनी १९६२ मध्ये वर्णिलेल्या तिच्या तीन जातींची नावे पुणे परिसरातल्या ठिकाणांवरून पूनाएन्सिस, कात्रजघाटस आणि चतुरशिंगी अशी आहेत. १९८० मध्ये त्यांत पाषाणेन्सिसची भर पडली.