गिरणगाव, टोळीयुद्ध आणि हिंदी चित्रपट : साधनचिकित्सेचे एक टिपण

परभणी–पूर्णा लोहमार्गावरील पिंगळी हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात मोडत होते. मुंबईच्या कापडगिरण्यांतील मराठी कामगारवर्ग मुख्यतः कोकणातून व घाटावरील जिल्ह्यांतून आला. त्यामुळे रत्नागिरी वा सातारा जिल्ह्यांतील घरांतून गिरणगावाची जी कौटुंबिक स्मृती आढळते, ती मराठवाड्यात त्या प्रमाणात आढळत नाही. अशा ठिकाणी मुंबईच्या टोळ्यांचे चित्र मनावर ठसते ते प्रामुख्याने हिंदी चित्रपटामुळे. म्हणून या चित्रपटांचे इतिहाससाधन म्हणून मोल काय, हा प्रश्न येथील अभ्यासकाला टाळता येत नाही.

महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘वास्तव’ (१९९९) या चित्रपटातील रघू हा चाळीत वाढलेला बेकार तरुण. तो मित्रांसह पावभाजीची गाडी लावतो. एका भांडणात त्याच्या हातून खून होतो आणि जीव वाचविण्यासाठी तो टोळीच्या आश्रयाला जातो. संजय गुप्ता यांचा ‘शूटआऊट ॲट वडाला’ (२०१३) हा मन्या सुर्वे याच्या जीवनावर बेतलेला आहे. तेथेही महाविद्यालयीन तरुणावर झालेला अन्याय हेच गुन्हेगारीचे मूळ ठरते. दोन्ही कथांत कारण व्यक्तिगत आहे : एक अपघात, एक अन्याय. टोळीला पैसा कोठून मिळतो व माणसे का मिळतात, हे प्रश्न पार्श्वभूमीत राहतात.

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकावर आधारलेला चित्रपट मांजरेकरांनीच २०१० मध्ये मराठीत ‘लालबाग परळ’ व हिंदीत ‘सिटी ऑफ गोल्ड’ या नावांनी काढला. येथे मात्र संप, बंद पडलेली गिरणी व कामगाराचे मोडलेले घर केंद्रस्थानी आहे. त्या घरातील नरू टोळीत जातो, तो या उद्ध्वस्त अवस्थेचा परिणाम म्हणून. एकाच दिग्दर्शकाने अकरा वर्षांच्या अंतराने एकाच परिसराची दोन भिन्न कारणमीमांसा मांडावी, ही गोष्ट लक्षणीय होय.

तथापि दुसरी मीमांसाही जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला; सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले. मन्या सुर्वे वडाळ्याला पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला तो ११ जानेवारी १९८२ रोजी, म्हणजे संपापूर्वी बरोबर एक आठवडा. टोळ्या संपातून जन्मल्या नाहीत, हे या दोन तारखाच सांगतात. त्यांचे अर्थकारण जुने होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टीच्या दारूचा धंदा फोफावला, तर सोन्याच्या आयातीवरील निर्बंधांनी व १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने चोरट्या व्यापारास वाव दिला. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाचा मार्ग मोकळा केला आणि जमीन हे पैशाचे नवे क्षेत्र बनले. संपाने टोळ्या निर्माण केल्या नाहीत. अगोदरच चालू असलेल्या व्यवहारापुढे रोजगार गमावलेल्या वस्तीतील तरुण उभा केला, इतकेच विधान कालक्रमाच्या आधारे करता येते.

अशा वेळी चित्रपट खोटा ठरवून बाजूला सारणे हा सोपा मार्ग झाला. पण तो उचित नव्हे. १९८२ मध्ये काय घडले याचा पुरावा त्यात शोधू नये. १९९९ मध्ये वा २०१० मध्ये समाजाला त्या घटनांचे कोणते स्पष्टीकरण पटण्याजोगे वाटत होते, याचा मात्र तो उत्तम पुरावा आहे. गिरण्यांच्या जागी मॉल व उंच इमारती उभ्या राहिल्यानंतरच गिरणीला पडद्यावर कारणाचे स्थान मिळाले, हे ध्यानात घ्यावे.

ज्या प्रदेशाला गिरणगावाची स्वतःची आठवण नाही, तेथे ही चिकित्सा अधिकच आवश्यक आहे. तेथे पडद्यावरील कथेला प्रतिवाद करील असा वृद्ध कामगार घरात नसतो. ते काम तारखांनाच करावे लागते.