श्रोत्यांनी मागितलेला ग्रंथ

धर्मग्रामाचा सण जवळ आला की सांस्कृतिक कार्यक्रमाची चर्चा सुरू होते. मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुणे, बक्षिसे यांची जुळवाजुळव होते. एखादे व्याख्यानही ठेवले जाते. मग व्याख्यानाला पुढच्या दोन रांगा कशाबशा भरतात आणि नृत्यस्पर्धेला मात्र मंडप अपुरा पडतो. ‘लोकांना साहित्य नको, इतिहास नको,’ असा निष्कर्ष काढून आयोजक मोकळे होतात. हा निष्कर्ष बरोबर आहे काय? आपल्याच पूर्वजांच्या इतिहासात याचे एक वेगळे उत्तर दडलेले आहे. ते येथे वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

हा इतिहास गोव्यातील साष्टीचा आहे. मुंबईच्या उत्तरेची साष्टी आपल्या परिचयाची. पण ही दक्षिण गोव्यातील, मडगाव-राशोलच्या परिसरातील साष्टी. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली आणि जुन्या पोथ्यांवर बंदी घातली. ही गोष्ट आपण झाकून ठेवण्याचे कारण नाही. गावाची संध्याकाळ ज्या कथांनी भरलेली असे, त्या कथाच काढून घेतल्या गेल्या. बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांना प्रार्थना मिळाल्या, प्रश्नोत्तरांच्या रूपाने धर्मशिक्षण मिळाले. परंतु दिव्याभोवती बसून रात्र-रात्र ऐकावे असे काही त्यांच्यापाशी उरले नाही.

इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरले. पुढची सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांचे कार्य मुख्यतः साष्टीतच झाले. त्यांनी लिहिलेले ‘ख्रिस्तपुराण’ आपण मोठ्या अभिमानाने मिरवतो. मराठीच्या थोरवीविषयीच्या त्यातील ओव्या महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक आहेत. मात्र त्याच पहिल्या अवस्वरूत, म्हणजे अध्यायात, हा ग्रंथ का लिहिला गेला याची जी हकिकत आली आहे, तिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

ती हकिकत थोडक्यात अशी. एका रविवारी धर्मशिक्षण चालू असताना जमलेल्यांपैकी एक जाणता ब्राह्मण गृहस्थ धर्मगुरूंना विनंती करतो. आम्हांला शिकवण दिली ते चांगलेच झाले. पण आमची पूर्वीची पुराणे आता वर्ज्य झाली आहेत, तेव्हा त्यांच्या जागी आमच्या भाषेत एखादे पुराण आम्हांला का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. त्या मागणीला उत्तर म्हणून ग्रंथाचा आरंभ होतो.

आमच्या मते या प्रसंगाचे मोल फार मोठे आहे. ख्रिस्तपुराणाची कल्पना वरून खाली आलेली नाही. ती श्रोत्यांच्या रांगेतून उठली. ज्यांच्या तोंडून जुन्या कथा गेल्या होत्या, त्यांनीच नव्या कथेची मागणी केली, आणि ती स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या परिचित रूपात केली. स्टीफन्स यांचा मोठेपणा असा की त्यांनी ती मागणी ऐकली. गावाला लॅटिन स्तोत्र किंवा पोर्तुगीज प्रवचन न देता त्यांनी ओवी दिली. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा मोकळा, अशी ही ओवी ज्ञानेश्वरांपासून मराठी कानाला सवयीची होती. ती डोळ्यांनी वाचण्याहून कानांनी ऐकण्यासाठीच आहे. एकाने गावी, दुसऱ्याने अर्थ सांगावा, बाकीच्यांनी माना डोलवाव्यात, ही तिची रीत. अक्षरओळख नसलेली आजीही या ग्रंथाची पूर्ण हक्काची वाचक होती.

जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. अवघ्या चाळीस वर्षांत तीन आवृत्त्या! परंतु या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज आत्मसात करावी असा हुकूम केला. अशा वातावरणात या ग्रंथाला राजाश्रय कोठून मिळणार?

मग ग्रंथ वाचला कसा? तो हातांनी वाचवला. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्याच्या हस्तलिखित प्रती सांभाळल्या गेल्या, आणि तशा प्रतींच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला. विल्यम मार्सडेन या संग्राहकाच्या संग्रहातून लंडनला पोहोचलेली देवनागरी हस्तलिखिते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणली. पुढे १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी आणि १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांनी देवनागरीत आवृत्त्या सिद्ध केल्या. २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांनी तो सुबोध मराठीत आणला. अकरा हजार ओव्या बोरूने उतरवून काढणे हे काही एका रात्रीचे काम नव्हे. ज्याला ग्रंथ केवळ कपाटात ठेवायचा आहे, तो एवढे कष्ट घेत नाही. एक पोथी झिजली म्हणून दुसरी हवी, अशी गरज जेथे असते तेथेच नकला होतात. छापखान्याला जे राखता आले नाही, ते ऐकणाऱ्यांच्या गरजेने राखले.

उत्तर कोकणातही याला जोड सापडते. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी प्रभू येशूच्या दुःखसहनावर पुराण रचले. ते १६५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची भाषा साष्टी-वसईकडील ख्रिस्ती लोकांच्या बोलीला जवळची, आणि प्रायश्चित्तकाळात ते गाण्याची प्रथा. १७३९ मध्ये वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी घेतला आणि पोर्तुगीज सत्ता येथून उठली. तरीही शंभराहून अधिक वर्षांनी, १८४५ मध्ये, हे पुराण मुंबईत पुन्हा छापले गेले. सत्ता गेली, राजाची भाषा गेली. ओवी मात्र राहिली, कारण ती गाणारी माणसे येथलीच होती.

महाराष्ट्राच्या प्रबोधनानेही हेच ओळखले होते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तकथा सांगण्यासाठी कीर्तनाचा आधार घेतला. लक्ष्मीबाई टिळकांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते; तरी १९३३ मध्ये नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, तेव्हा तीन शतकांपूर्वीच्या साष्टीकरांच्या विनंतीला जणू साऱ्या ख्रिस्तसभेने होकार दिला. आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो विराजमान झाले. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला, तरी व्यासपीठ त्यांना लाभले आणि श्रोतेही लाभले. २५ जुलै २०२४ रोजी ते आपल्यातून गेले. त्यांनी जोडलेला हा श्रोतृवर्ग सांभाळणे आता आपल्याकडे आले आहे.

येथेच आम्हांला चिंता वाटते. आपली बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी त्यांच्या कानांवर आहे. डोळ्यांना मात्र ती परकी होत चालली आहे. म्हणजे एका अर्थी ती स्टीफन्स यांच्या श्रोत्यांच्याच स्थितीत आहेत: भाषा समजते, पण त्या भाषेतील कथा हाती नाही. त्यांच्यासमोर ग्रंथ आपटून ‘वाचा’ म्हणण्यात अर्थ नाही. त्यांना ऐकवायला हवे.

यासाठी मोठा खर्च नको. प्रायश्चित्तकाळातील शनिवारी संध्याकाळी तासभर, सभागृहात नाहीतर एखाद्याच्या ओटीवर, पुराणातील एक प्रसंग घ्यावा. एकाने ओव्या म्हणाव्यात, दुसऱ्याने अर्थ सांगावा, आणि शेवटी एखाद्या वयोवृद्धाने आपल्या गावाची एक जुनी आठवण सांगावी. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. दहा माणसे आली तरी निराश होऊ नये.

मात्र एक गोष्ट कार्यक्रम आखण्याआधी करायला हवी. मंडपवाल्याला बोलावण्यापूर्वी लोकांना विचारावे: तुम्हांला काय ऐकायचे आहे? चारशे वर्षांपूर्वी साष्टीत एका श्रोत्याने धीर करून मागणी केली आणि एका धर्मगुरूने ती मनापासून ऐकली, म्हणून ख्रिस्तपुराण जन्माला आले. आपल्या रिकाम्या रांगांतही अशी एखादी मागणी आज मुकाट बसलेली असेल. तिला बोलते करणे हे आपले काम आहे.