लोड ॲव्हरेज : तीन आकड्यांचं कूळ

सर्व्हर सुस्तावल्याची तक्रार आली की सिस्टीम ॲडमिनची बोटं आधी 'अपटाइम' ही कमांड टाइप करतात. उत्तरादाखल एकच ओळ येते. यंत्र किती दिवस चालू आहे, किती जण लॉग-इन आहेत, आणि शेवटी तीन आकडे, समजा ६.२०, ३.१०, १.४०. हे गेल्या एका, पाच आणि पंधरा मिनिटांचं लोड ॲव्हरेज. डावीकडचा आकडा मोठा असेल तर भार चढतोय, लहान असेल तर उतरतोय. एवढं वाचायला कोणीही पहिल्या आठवड्यात शिकतो. पण हे आकडे मोजतात काय, असं विचारलं तर धंद्यात मुरलेली माणसंही 'सीपीयूवरचा ताण' म्हणून मोकळी होतात. लिनक्सपुरतं हे उत्तर १९९३ पासून अपुरं आहे.

त्याआधीच्या काळात मात्र ते अगदी बरोबर होतं. बीबीएन या अमेरिकन कंपनीने पीडीपी-१० यंत्रांसाठी टेनेक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. यंत्र एक, महागडं, आणि त्यावर एकाच वेळी काम करणारे अनेक जण. जुलै १९७३ मधल्या टेनेक्स यंत्रांच्या लोडचे आकडे आरएफसी ५४६ या टिपणात आहेत, आणि तिथेच व्याख्याही आहे. एका सीपीयूच्या यंत्रावर तासाभराचा लोड १० असेल, तर त्या तासात कधीही पाहिलं तरी साधारण एक प्रोसेस चालू आणि नऊ तयारीत, सीपीयूसाठी ताटकळलेल्या. म्हणजे तिकीट खिडकीवरची रांग, खिडकीशी उभा असलेला धरून. डिस्कच्या उत्तराची वाट पाहणारे या रांगेत नाहीत.

'सरासरी' हे नावही सरळ घेऊ नये. लिनक्स साधारण दर पाच सेकंदांनी मोजणी करतं आणि जुन्या मोजणीचं वजन हळूहळू घटवत नेतं. रिकाम्या यंत्रावर सीपीयू अडवून बसणारी एकच प्रोसेस सुरू केली, तर मिनिटभराने पहिला आकडा १ नव्हे, ०.६३ च्या आसपास दिसतो.

लिनक्सची १.० आवृत्तीही निघालेली नव्हती तेव्हा, ऑक्टोबर १९९३ मध्ये, मॅथियास उर्लिक्स यांनी छोटासा बदल पाठवला. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. स्वॅपची वेगवान डिस्क काढून संथ डिस्क बसवली तर यंत्र रखडतं, पण प्रोसेस डिस्कपाशी अडकून पडल्याने लोड मात्र उतरतो! म्हणून डिस्कसाठी खोळंबलेल्या, मध्येच उठवता न येणाऱ्या प्रोसेसही त्यांनी मोजणीत घेतल्या. सीपीयूचा आकडा असा अख्ख्या यंत्राचा झाला, नाव तेच राहिलं. हे का झालं याचा माग ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ मध्ये जुन्या मेलच्या ढिगाऱ्यातून काढला.

याचे चटके बसतात ते नेटवर्कवरची फाइल सिस्टीम अचानक मुकी झाली की. लोड ८० च्या वर, आणि 'टॉप'मध्ये पाहावं तर सीपीयू जवळजवळ रिकामा. प्रोसेसच्या स्थितीच्या रकान्यात मात्र 'डी', 'डी', 'डी' अशी रांग, म्हणजे सगळ्या त्याच मध्येच उठवता न येणाऱ्या प्रोसेस. नवखा अशा वेळी कोअर वाढवून मागतो. माझ्या मते त्याचा दोष निम्माच. लिनक्स कर्नलमधल्या लोड मोजणाऱ्या फाइलच्या माथ्यावरच, हा आकडा खुळा आहे पण लोकांना महत्त्वाचा वाटतो, अशा अर्थाची टीप आहे.

२०१८ च्या डिसेंबरात आलेल्या लिनक्स ४.२० पासून सीपीयू, मेमरी आणि डिस्कचा खोळंबा वेगवेगळा मोजता येतो. 'प्रॉक'खालच्या 'प्रेशर' डिरेक्टरीत तिघांच्या तीन फाइली असतात. त्यात प्रोसेसची संख्या नसते. कामं त्या-त्या गोष्टीपायी किती टक्के वेळ अडली ते असतं. तिथेही सरासऱ्या तीनच, पण १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या.